बांधावरील पिवळी कोरांटी

फैजपूरच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी. या दोहोंमधील जमीन खोल व कसदार असून यावल-रावेरची केळी तीवरच पोसली जाते. परंतु पावसाळ्यात डोंगराकडून येणारे पाणी उघडे बांध फोडते व वर्षानुवर्षे साठलेली माती एका रात्रीत नाल्यास मिळते. बांधावर बाभळीच्या काट्या रोवल्याने कुंपण होते, पण माती धरली जात नाही. शिवाय काट्या दरवर्षी नव्याने तोडाव्या लागतात. हे दोन्ही हेतू काही अंशी साधणारे आपल्याच रानातील झुडूप म्हणजे पिवळी कोरांटी होय.

ओळख : कोरांटी अडुळशाच्या कुळातील आहे. झुडूप साधारणतः कमरेइतके वाढते. पानांच्या बगलेत तीक्ष्ण काटे असतात. पावसाळा सरता सरता नारिंगी छटेची पिवळी फुले येऊ लागतात व ती देवपूजेस वापरतात.

लागवड : पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. काळ्या जमिनीत पाणी साचते अशी जागा टाळून बांधाच्या उतारावर लागण करावी. पहिला चांगला पाऊस झाल्यावर निबर फांदीची वीतभर लांब, तीन-चार पेरांची कलमे घ्यावीत व निम्मी जमिनीत जातील अशी लावावीत. दोन ओळींत सुमारे दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध यावे, म्हणजे फट राहत नाही.

बियांपासूनही रोपे होतात. प्रत्येक बोंडात बहुधा दोन बिया असतात. पिकलेले बोंड भिजताच तडकून बी दूर उडते. म्हणून बोंडे कोरड्या दिवशी खुडून कापडी पिशवीत वाळवावीत.

निगा : पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे, पुढे फारशी गरज पडत नाही. फुलांचा बहर ओसरल्यावर, बोंडे पिकण्यापूर्वी छाटणी करावी. त्यामुळे कुंपण दाट होते व बीही पसरत नाही.

ही शेवटची दक्षता महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात बागेसाठी नेलेली हीच कोरांटी कुरणांत पसरून उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडे ती मूळची असली, तरी गायरानालगत लावू नये.

एकटी कोरांटी मोठी गुरे अथवा रानडुकरे अडवू शकत नाही, हे ध्यानी ठेवावे. तेथे तारेचे अगर उंच काटेरी कुंपण हवेच. मात्र त्याच्या पायथ्याशी कोरांटीची रांग असल्यास शेळ्यांना वाट मिळत नाही, पिकावर सावली पडत नाही आणि बांधाची माती मुळांत गुंतून राहते. ज्या शेतकऱ्याचा बांध दरसाल फुटतो, त्याने यंदा निदान दहा हात लांबीवर हा प्रयोग करून पाहावा.