अंगणात उतरणारे पाहुणे



कार्तिकात छठपूजेसाठी भिलाईच्या सेक्टर २ मधील तळ्याकाठी गर्दी होते, तोवर वस्तीत आणखीही काही पाहुणे येऊन पोचलेले असतात. त्यांची दखल फारसे कोणी घेत नाही. ओलसर गवतावर चालता चालता शेपटी सतत वरखाली करणारा पांढरा धोबी त्यांपैकी एक. संस्कृत कवींनी सुंदर डोळ्यांना ज्याची उपमा दिली, तो खंजन हाच. दुसरा थिरथिरा. कुंपणाच्या भिंतीवर बसून तो विटकरी शेपूट थरथरवतो, खाली झेपावून किडा टिपतो आणि पुन्हा भिंतीवर येतो. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हे पक्षी येतात. धोब्याचे वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम!

मुंबईतल्या एका लहानशा हिरवळीवर, पायात कडी घातलेला करडा धोबी सलग काही हिवाळे परत आल्याचे सालीम अलींनी लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या क्वार्टरपुढे दिसणारा धोबी कदाचित गेल्या वर्षीचाच असेल. आपण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जातो, तोही चैत्रापर्यंत निघून जातो. अंगण कोणाचे, हा प्रश्न त्याला पाहताना सहज मनात येतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत कपोत आहे, कुररही आहे. चोचीत मांस होते तोवर बलवान पक्षी कुररावर तुटून पडले; ते टाकताच तो सुखी झाला. यांपैकी कोणीही अवधूताला शिकवायला आले नव्हते. त्याने पाहिले, एवढेच. स्वाध्यायात आपण या कथेचे तात्पर्य लगेच सांगतो, पण त्याआधीच्या त्या पाहण्याचा अभ्यास सहसा राहून जातो.

तो या हिवाळ्यात करून पाहा. सकाळच्या ध्यानानंतर पंधरा मिनिटे अंगणात किंवा गच्चीत बसा. मोबाइल घरातच राहू द्या. फोटोच्या नादात पक्षी उडतो आणि मनही. पहिले दोन-तीन दिवस साळुंक्या आणि बुलबुलच दिसतील. दिसू द्यात. पक्षी बोलावून येत नाही, आपण स्थिर झालो की तो जवळ उतरतो. त्या क्षणी जो आनंद होतो, त्यात काही मिळवल्याचा भाग नसतो, म्हणूनच तो इतका निर्मळ वाटतो. नाव नंतर शोधा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ मराठीतच आहे.

एक सेवाही घडू शकते. झाडलेला पाला थंडीत शेकोटीसाठी पेटवला जातो. त्याच पाल्याखाली थिरथिऱ्याचे अन्न असते. आवारातला एक कोपरा तरी न झाडता ठेवा, आणि फरशी बसवायची असेल तर थोडी माती मोकळी सोडा. शेजारी आळशी म्हणतील, म्हणू द्यात.

वहीत तारखा लिहीत जा. धोबी पहिल्यांदा दिसला तो दिवस कळतो, शेवटचा मात्र आठवडाभराने वही चाळतानाच लक्षात येतो.