बाटली का भरून वाहिली?

चऱ्होली हे आळंदीजवळचे, इंद्रायणीकाठचे गाव. भोसरी-चाकणचे कारखानेही येथून फार दूर नाहीत. अशाच एका कारखान्यातील यंत्रांसाठी आमचा एक माजी विद्यार्थी आज्ञावल्या, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम, लिहितो. मागच्या सुट्टीत तो कॉलेजात आला, तेव्हा मी त्याला मुलांशी चार शब्द बोलायला सांगितले. त्याने आपली फजितीच सांगितली.

"आमचे यंत्र दर ठोक्याला ०.१ लिटर तेल बाटलीत सोडत असे. बेरीज बरोबर १ झाली की थांब, अशी आज्ञा मी लिहिली. चाचणीच्या वेळी दहा ठोके झाले, तरी यंत्र थांबेना. तेल टेबलावर! दोन तास मी झडपा आणि नळ्या तपासत बसलो. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, 'बेरीज किती होते ती छापून पाहिलीस का?' छापली, तर ती निघाली ०.९९९९९९९९९९९९९९९९!"

असे का व्हावे? आपल्या दशमान पद्धतीत १/३ ही संख्या ०.३३३... अशी लिहावी लागते; ती कधी संपत नाही. संगणक ० आणि १ या दोनच अंकांनी, म्हणजे द्विमान पद्धतीने, संख्या लिहितो. त्याला १/२, १/४, १/८ असे भाग नेमके लिहिता येतात. १/१० मात्र येत नाही. करून पाहा: १/१६ + १/३२ + १/२५६ + १/५१२ ही बेरीज सुमारे ०.०९९६ होते. पुढे आणखी भाग मिळवत गेलात, तर ०.१ च्या जवळ जवळ जाल, पण पोहोचणार नाही. संगणकातील जागा मर्यादित असल्याने ही शेपटी कुठेतरी तोडावी लागते. मग उत्तरात कधी किंचित कमी, कधी किंचित जास्त, असा फरक पडतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे एका क्षेपणास्त्राने २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. ते क्षेपणास्त्र अडवण्यासाठी असलेली 'पॅट्रियट' यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजून त्यांना ०.१ ने गुणत असे. शेपटी तोडल्यामुळे दर दशांशाला सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची चूक होई. १०० तासांत ३६,००,००० दशांश येतात. गुणाकार करा: चूक सुमारे ०.३४ सेकंद! सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी वस्तू तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. यंत्रणा तिला भलत्याच ठिकाणी शोधत राहिली.

याहून दुःखाची गोष्ट पुढे आहे. ही चूक दोन आठवडे आधीच लक्षात आली होती. यंत्रणा वापरणाऱ्यांना २१ फेब्रुवारीला सूचनाही गेली, की फार वेळ सलग चालवल्यास नेम ढळू शकतो. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, ते तिच्यात लिहिलेले नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागले असते. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली ती २६ तारखेला, एक दिवस उशिरा.

म्हणून आमच्या विद्यार्थ्याने मुलांना तीन गोष्टी सांगितल्या. मोजायचे ते पूर्णांकात मोजा: लिटरऐवजी मिलिलिटर, रुपयांऐवजी पैसे. अपूर्णांकांच्या बाबतीत 'बरोबर इतके झाले का' असे विचारू नका. 'फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का' असे विचारा. आणि आपली चूक सापडली की ती इतरांना आकड्यांसह सांगा. त्याने यंत्राची आज्ञा बदलली. यंत्र आता १०० मिलिलिटरचे दहा ठोके मोजते आणि थांबते. फजितीची हकीकतही त्याने आज्ञावलीतच दोन ओळींत लिहून ठेवली आहे, पुढे येणाऱ्यासाठी.

आता तुम्ही सांगा: ०.७५, ०.२ आणि ०.३७५ यांपैकी कोणती संख्या संगणकाला नेमकी लिहिता येणार नाही?