आपलेच सैनिक उलटतात तेव्हा : टाइप १ मधुमेह समजून घेऊया

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'गोड जास्त खाल्लं की डायबिटीस होतो' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण मुलांमध्ये आढळणारा टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. तो मुलाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींमुळे होतो. कसा, ते पाहूया.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची छोटी छोटी बेटे असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून ती 'लँगरहॅन्सची बेटे'. यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन ही किल्ली समजा. तिच्यामुळेच रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरते.

आता सैनिकांकडे वळू. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ही त्यांची शाळाच! स्वतःच्या शरीरावर हल्ला करू शकतील अशा बहुतेक पेशी इथेच बाद होतात. तरी काही निसटतात. त्यांना आवर घालायला नियामक टी पेशी असतात. हा पहारा कमी पडला, की पुढची साखळी सुरू होते :

१. काही पेशी बीटा पेशींच्या प्रथिनांचे तुकडे उचलून लसिकाग्रंथीत टी पेशींना दाखवतात.
२. मदतनीस टी पेशी त्यांना 'शत्रू' समजून इशारा देतात.
३. मारक टी पेशी बेटांत शिरून बीटा पेशी मारू लागतात.
४. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती मुख्य मारेकरी नव्हेत. पण लक्षणांच्या कित्येक महिने, वर्षे आधी रक्त तपासणीत सापडतात.

असं का होतं? काही जनुकांमुळे धोका वाढतो, काही विषाणूंवर संशय आहे. पण बहुतेक मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. म्हणून आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये.

बऱ्याच बीटा पेशी गेल्यावरच लक्षणे दिसतात : सारखी लघवी, खूप तहान, वजन घटणे, थकवा. तेव्हा 'सारखा बाहेर काय जातोस?' म्हणून रागावण्याआधी पालकांना फोन करा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला तर लगेच दवाखाना गाठा. उशीर जिवावर बेतू शकतो.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते टी पेशींना आवरून, धोका असलेल्यांमध्ये आजार साधारण दोन वर्षे लांबवते. बरा मात्र करत नाही. म्हणून कुणी काढा, चूर्ण सुचवलं तरी इन्सुलिन कधीही बंद करू नका.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : टाइप १ असलेल्या मित्राच्या डब्याजवळ बसल्याने हा आजार लागेल का? उत्तर त्यांनाच वरच्या साखळीतून शोधू द्या.