बाळाला अ‍ॅप नको, तुम्ही हवे



“आमची दीड वर्षाची आहे, पण मोबाइलवर सगळी फळं ओळखते!” असं कौतुकानं सांगणारे आईबाबा हल्ली बरेच भेटतात. पाठोपाठ प्रश्न येतोच, मेंदूच्या विकासासाठी कोणतं अ‍ॅप चांगलं? आज याचं उत्तर जरा यंत्रमानवांच्या प्रयोगशाळेत शोधू या.

इटलीतल्या जिनोआ शहरात ‘आयकब’ नावाचा यंत्रमानव घडला. उंची साधारण एक मीटर, बांधा लहान मुलासारखा. वस्तू धरत, हाताळत, माणसांशी व्यवहार करत बुद्धी कशी घडते, हे शास्त्रज्ञांना त्याच्याकडून समजून घ्यायचं होतं. मोठ्या माणसाची बुद्धी यंत्रात उतरवण्यापेक्षा मुलाची उतरवावी आणि मग त्याला शिकवावं, असं गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं.

पण शिकवणं सोपं नाही. २०१९ मध्ये एका यांत्रिक हातानं रुबिक क्यूब सोडवला. त्यासाठी संगणकातल्या आभासी जगात त्याच्याकडून सुमारे १३ हजार वर्षांइतका सराव करून घ्यावा लागला. तुमचं बाळही सराव करतंच. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! तेव्हा जागा सुरक्षित करा आणि बाळाला खुशाल धडपडू द्या.

भाषेचं आणखी वेगळं. २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बोलली, खेळली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरच्या बाळांना मात्र ते जमलं नाही.

असं का व्हावं? बाळ तुमची नजर कुठे वळते ते पाहतं. वर्षाचं होता होता ते बोट दाखवतं आणि तुम्ही पाहिलंत ना, याची खात्री करून घेतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे पाहिलं की तिचं नाव मनात रुजतं. माणसाच्या नजरेमागे जाणं यंत्रमानवाला शिकवायला शास्त्रज्ञ खपतात. बाळ ते तुमच्या मांडीवर शिकतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्लाही हाच. पहिल्या वर्षी स्क्रीन नकोच, दुसऱ्या वर्षीही नको. पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसाला फार तर तासभर, कमी तितकं बरं. आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारायला हरकत नाही, कारण आजी बाळाच्या हुंकाराला उत्तर देते.

म्हणून अ‍ॅपचे पैसे वाचवा. भाजी निवडताना बाळाला शेजारी बसवा, मटार हातात द्या, त्याच्याशी बोला. त्यानं बोट दाखवलं की फोन खाली ठेवा आणि तिकडे पाहा. एवढं आजपासूनच सुरू करा.