दोनाची झाली, आता नीट बघ

बाय, लेकीचा दुसरा वाढदिवस आला म्हणे, आणि केक डहाणूहून आणायचा की तलासरीहून यावरून घरात दोन पक्ष पडलेत. कुठूनही आणा, मी खायला येते. पण दोन वर्षांचं पोर फसवं असतं. दिवसभर पळतं, हसतं, म्हणून आपण समजतो ते वाढतंयच. तेव्हा जरा कान इकडे कर.

१. दर महिन्याला अंगणवाडीत वजन कर — माय डोळ्यानं तोलते, काटा खरं बोलतो. या वयाच्या मुलीचं वजन साधारण साडेअकरा किलो असतं, मुलाचं बाराच्या थोडं वर. मुलगी नऊच्या खाली असेल तर ताईंनी बोलवायची वाट बघू नकोस.

२. आकडा शेजारणीच्या पोराशी जुळवू नको, मागच्या महिन्याच्या आकड्याशी जुळव — आता वर्षाला दोन-अडीच किलोच वाढ होते, पण दोन-तीन महिने काटा हललाच नाही तर काहीतरी बिघडलंय.

३. उंची थोडी कमी भरली म्हणून रडत घरी येऊ नको — दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजतात, पुढे उभं करून, आणि उभ्याचा आकडा पाऊण सेंटिमीटरभर कमीच येतो.

४. दंडाला पट्टी लावतात तेव्हा रंग स्वतः बघ — हिरवा ठीक; साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल दिसला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठ. भगताकडे जायचं असेल तर नंतर जा, तो रागावत नाही.

५. ताटभर एकदा देण्यापेक्षा थोडं थोडं पाच वेळा दे — पोट मुठीएवढं, आणि या वयात भूक आपसूक कमी होते. पाठीमागे वाटी घेऊन धावलीस तर तिला खेळच मिळतो.

६. भातावर चमचाभर तेल, उडदाचं वरण, जवळ्याची पूड, नागलीची भाकर कुस्करून — नुसत्या भाताच्या पाण्यानं पोट फुगतं, अंग भरत नाही. अंगावरचं दूध सुरू असेल तर कुणाच्या सांगण्यावरून तोडू नकोस, दोन वर्षांनंतरही चालतं.

७. अंगणवाडीतून मिळणारं अमृत आहाराचं अंडं तिच्याच तोंडात जाऊ दे — घरी आलं की त्याला सहा वाटेकरी होतात, त्यातला मोठा वाटेकरी तुझा नवरा, मला ठाऊक आहे.

८. सकाळी कोरा चहा आणि बटर देणं बंद — भूक मरते, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

९. आपला चिकू खुशाल दे, बी मात्र आधी स्वतः काढ — ती गुळगुळीत असते आणि टोकाला आकडा असतो, घशात गेली तर जीव घाबरा होतो. तेच भाजलेल्या चण्याचं.

१०. तिच्याशी बोलत राहा, वारलीतच बोल — बोलतं घर, बोलतं पोर. शाळेची मराठी शाळेत येईल. एव्हाना "पानी दे" असे दोन शब्द ती जोडायला हवी. जोडत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून गप्प बसू नको. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, त्या दिवशी भाताच्या खाचरात जाऊ नकोस.

११. बाजारातली खेळणी नाही म्हणून हळहळू नको — ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबादच्या टेकडीवर नेलं, तेव्हा पोरांच्या हाती पानं, बिया, शिंपले, खडेच होते. फक्त बिया मोठ्या निवड, तोंडात मावणार नाहीत अशा. आणि फोन दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. नाही दिलास तर उत्तमच.

१२. जुलाब लागले तर ओआरएस लगेच, आणि झिंकची गोळी १४ दिवस पुरी कर — तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की सगळ्याच आया गोळी विसरतात.

१३. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत होतो — लसीचं कार्ड आजच उघडून बघ, राहिला असेल तर या आठवड्यात घे. जीवनसत्त्व अ दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांची होईपर्यंत.

१४. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला निघालात तर भांड्यांच्या आधी कार्ड बांध, आणि पोचल्या पोचल्या तिथल्या अंगणवाडीत तिचं नाव सांग — नाहीतर इथल्या वहीत ती "गावी नाही" आणि तिथल्या वहीत ती नाहीच. सहा-सात महिने वजन नाही, अंडं नाही, डोस नाही. पावसाळ्याच्या तोंडाला परतलेली पोरं वाळलेली दिसतात, ती अशी. भट्टीवर माती भिजवायचा खड्डा झोपडीपासून लांब आहे ना, तेही बघ. दोन वर्षांच्या पोराला बुडायला वीतभर पाणीही पुरतं.

केक कापायच्या आधी तिला काट्यावर उभी कर, आणि आकडा मला फोनवर सांग.