मतदारसंघ चाकरमानी होतो तेव्हा

माझं गाव सिंधुदुर्गात आणि मत डोंबिवलीत. तरी आमच्या गावाचा राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं मला लागलं. त्या हळहळीला हक्क कितपत होता, हे उलगडत गेलं तसं लिहितो आहे.

१. मतदारसंघ माणसं मोजून आखतात, हे नागरिकशास्त्रात शिकलो होतो. पटलं ते राजापूर गेल्यावर. २००१च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आत भरली; एका जागेला ती पुरेना. मग राजापूरला रत्नागिरी-चिपळूण जोडून ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ झाला, जुन्या रत्नागिरी मतदारसंघातले दापोली-गुहागर रायगडला गेले. दक्षिण कोकणातली एक जागा कमी झाली. त्याच फेरआखणीत ठाणे जिल्ह्यात दोनाच्या चार जागा झाल्या, आणि त्यातली एक कल्याण, म्हणजे माझी डोंबिवली. दिल्लीत कोकणाचा आवाज क्षीण झाला म्हणून नाक्यावर चहा पीत उसासे टाकणारे आम्ही चाकरमानी. तो आवाज आम्हीच ट्रंकेत घालून इकडे आणला होता.

२. आपण ज्यांचा अभिमान मिरवतो, त्यांचं म्हणणं आपल्याला पेलेलच असं नाही. बॅरिस्टर नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. १९५७, १९६२, १९६७ असे तीनदा राजापुरातून लोकसभेवर गेले. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी आमच्याकडे सणासुदीला निघतात. पण मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांसह सारी घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला हवा, असं विधेयक विरोधी बाकावरून त्यांनीच मांडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. जानेवारी १९७१मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या दुरुस्तीने तो अधिकार संसदेला मिळाला. त्यांच्या जागी आलेले मधू दंडवते आणीबाणीत तुरुंगात होते. बाहेर तोच अधिकार वापरून, सरकारच्या हाती अफाट सत्ता देणारी बेचाळिसावी दुरुस्ती झाली. पुढे दंडवते ज्या सरकारात मंत्री होते, त्याने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यातलं बरंच मागे घेतलं. एकाच मतदारसंघाच्या, एकाच समाजवादी परंपरेच्या दोन खासदारांभोवती घटनेची ही सगळी ओढाताण. यात बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नाथ पैंचा संसदेवरचा विश्वास मात्र भाबडा वाटत नाही. तो ज्यांच्यावर होता, ती माणसं बदलली.

३. आपल्या खासदाराने जगाला दिलेलं आपल्याला सगळ्यांत शेवटी मिळतं. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. देशभर लोक त्यावर आडवे झाले. त्यांचे स्वतःचे मतदार मात्र एसटीत ताठ बसून कशेडी घाट मोजत होते, कारण राजापूर मतदारसंघात रूळच नव्हते! १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. सगळा मार्ग खुला झाला १९९८च्या प्रजासत्ताकदिनी, तोवर दंडवते माजी खासदार झाले होते.

४. उपकाराच्या हिशेबावर मतं पडत नाहीत. कोकण रेल्वे महामंडळ झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९१मध्ये, दंडवते पडले. मतदारांना कृतघ्न म्हणणं सोपं. पण १९८४च्या काँग्रेस लाटेतही याच लोकांनी त्यांना तारलं होतं. पुढे १९९६पासून चार वेळा सुरेश प्रभू. तेही रेल्वेमंत्री झाले, पण २०१४मध्ये, राज्यसभेतून. तोवर राजापूर उरला होता तो फक्त विधानसभेचा.

५. रेल्वे गावाला नेते तितक्याच तत्परतेने गावातून आणते, हे तिची वाट पाहताना कुणी बोललं नाही. २००१पेक्षा २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. त्याला रेल्वेच कारण असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण गणपतीच्या परतीच्या गाडीत दाराशी उभा राहून तसं वाटतं खरं.

६. ‘राजापूरने नाथ पैंना पाठवलं, दंडवत्यांना पाठवलं’ हे आम्ही पुरुष ज्या ऐटीत सांगतो, ती उसनी आहे. कर्ते पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर पेढीवर. गावात उरलेल्या बायका आणि म्हातारी माणसं रांगेत उभी राहत. २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. माझी आजी त्या रांगेतली. मनिऑर्डरीवर अंगठा उठवणारी, पण दंडवत्यांची झोपडी, मग चक्रातला नांगरधारी, मग नुसतं चक्र, हा सगळा क्रम तिला पाठ. मी एकदा विचारलं, गोंधळ नाही झाला? ‘निशाणी बदलत ऱ्हवली, माणूस तोच,’ म्हणाली, आणि भाकरी थापायला वळली. मुंबईहून आजोबांनी पत्रातून कुणाला मत द्यायचं ते कळवलं होतं का, हेही मी विचारलं. त्यावर ती नुसती हसली.