पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही



दुपारी कामात असताना फोन येतो. ‘ताई, लाडकी बहीण योजनेचे तुमचे हप्ते अडकलेत. मोबाईलवर मेसेज पाठवलाय, त्यात पिन टाका, लगेच जमा होतील.’ माणूस गोड बोलतो, आपलं नाव-गावही सांगतो. आपल्याला वाटतं, सरकारी माणूसच असणार. तिथेच आपण फसतो.

मोबाईल किंवा इंटरनेट वापरून केलेली फसवणूक, चोरी, धमकी म्हणजे सायबर गुन्हा. यात चोर कुलूप तोडत नाही, आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो.

आपण का फसतो?
शिकलेली माणसंही फसतात. चोर तीन गोष्टी वापरतो.
लालूच: ‘तुमचं कर्ज मंजूर झालंय.’
भीती: ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे.’
घाई: ‘फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका.’

काय लक्षात ठेवायचं?
१. पैसे खात्यात यायचे असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
२. ओटीपी कुणालाही सांगू नका. बँक तो फोनवर विचारत नाही.
३. अनोळखी लिंक उघडू नका, कुणी सांगितलं म्हणून अ‍ॅप घेऊ नका.
४. ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्या.
५. कमिशनसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणाला देऊ नका. चोरीचे पैसे त्यात आले तर खातं गोठतं आणि चौकशी आपल्यामागे लागते.

पैसे गेलेच तर?
घरचे रागावतील, मोबाईल काढून घेतील, या भीतीने बायका गप्प बसतात. तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात. म्हणून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. वेळेत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येऊ शकतात. बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर खात्यातून आणखी पैसे चोरीला गेले तर ते नुकसान बँकेने सोसायचं असतं.

बैठकीत हे करा
सचिवताईंनी हा पाठ मोठ्याने वाचावा. प्रत्येकीने १९३० क्रमांक मोबाईलमध्ये साठवावा. असा फोन कुणाला आला असेल तर तिने सांगावं. जी फसली असेल तिला कुणी हसू नये. तिच्यासोबत बँकेत जावं.